सेसना 172च्या मागच्या सीटवरची थंडी आणि प्रोपेनचा हीटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चौघांच्या भागीदारीतली 1976 सालची सेसना 172 (चार आसनांचे, एका इंजिनाचे छोटे विमान), जानेवारीत पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मिनिआपोलिसजवळच्या फ्लाइंग क्लाउड विमानतळावरून उत्तरेकडच्या डुलुथ शहरी जाण्याचा बेत, आणि डिसेंबरातल्या पहिल्याच फेरीत मागच्या सीटवर कुडकुडून रडकुंडीला आलेली मुलगी. हीटरची मूठ पूर्ण ओढूनही मागे ऊब पोहोचत नाही, म्हणून कॅम्पिंगसाठी मिळणारा छोटा प्रोपेनचा हीटर मागच्या सीटच्या पायाशी ठेवावा का, आणि खबरदारी म्हणून घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत न्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

दोन्ही गोष्टींना माझे उत्तर नाही असेच आहे. पण नुसते नाही म्हणून थांबलो तर मुलगी गारठलेलीच राहील आणि तुम्ही दुसरा एखादा घरगुती उपाय शोधाल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मी मिनेसोटात गेली 22 वर्षे उड्डाण शिकवतो आहे आणि त्यातले बहुतेक तास 172मध्येच गेले आहेत. मी परवानाधारक मेकॅनिक नाही. दुरुस्तीबद्दल जे लिहितो आहे ते मेकॅनिकच्या शेजारी उभे राहून, टॉर्च धरून शिकलेले आहे. त्यामुळे तुमच्या विमानाबाबत शेवटचा शब्द तुमच्या मेकॅनिकचा मानावा. शिवाय बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे: दारांच्या रबरी पट्ट्या कधी बदलल्या, मफलर (इंजिनाच्या धुराचा आवाज दाबणारे नळकांडे) किती तास चालला आहे, बाहेर उणे 8 अंश सेल्सियस आहे की उणे 25, यांवर उत्तर बदलते.

आधी मूळ अडचण नीट मांडू. तुम्हाला वाटते आहे की विमानात उष्णता कमी पडते आणि ती बाहेरून आणली पाहिजे. प्रत्यक्षात 172मध्ये उष्णतेचा तुटवडा नसतो. तुमचे इंजिन तासाला साधारण 8 गॅलन इंधन जाळते आणि त्यातल्या ऊर्जेचा मोठा वाटा एक्झॉस्टमधून, म्हणजे धुराच्या नळीतून, बाहेर फेकला जातो. कॅम्पिंगचा हीटर फार तर दोन-अडीच किलोवॉटचा. एक्झॉस्टमधून वाया जाणारी उष्णता त्याच्या दसपटीहून कितीतरी जास्त असते. म्हणजे विहीर काठोकाठ भरलेली आहे, पण पोहरा फुटका आहे. पोहरा दुरुस्त करायचा सोडून तुम्ही टँकर मागवायला निघाला आहात.

ही उष्णता केबिनमध्ये येते कशी, हे कळले की पुढचे सगळे सोपे होते. एक्झॉस्टच्या मफलरभोवती पत्र्याचे एक वेष्टण असते, त्याला श्राउड म्हणतात. समोरून येणारी थंड हवा या वेष्टणात शिरते, तापलेल्या मफलरच्या बाहेरच्या अंगाला घासून गरम होते, आणि लवचिक नळीतून फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवरच्या, झडपेपाशी येते. तुम्ही ओढता ती मूठ ही झडप उघडते. मूठ आत ढकललेली असेल तर तीच गरम हवा बाहेर सोडून दिली जाते. तिथून पुढे हवेचा एक भाग पुढच्या सीटच्या पायांपाशी आणि काचेवर जातो, आणि मागच्या प्रवाशांसाठी केबिनच्या दोन्ही बाजूंनी एकेक नळी येऊन पुढच्या दाराच्या खांबापाशी, अगदी जमिनीलगत उघडते. आता मागच्या सीटवर स्वतः बसून पाहा. ती दोन तोंडे पुढच्या सीटच्या आडोशाला आहेत, आणि बहुतेक कुटुंबे नेमकी तिथेच पाठीवरची बॅग, डायपरची पिशवी किंवा काढून ठेवलेला कोट कोंबतात. सहा वर्षांच्या मुलीचे पाय जमिनीला टेकत नाहीत. ते हवेत लोंबतात. म्हणजे ऊब जमिनीलगत, पिशवीच्या मागे अडकलेली, आणि पाय फूटभर वर, दाराच्या फटीतून येणाऱ्या झोतात. पहिल्या फेरीत सामान कुठे ठेवले होते ते आठवून पाहा.

आता प्रोपेन. जे काही जळते ते बंद केबिनमध्ये नको, हा नियम मी विद्यार्थ्यांना पहिल्याच हिवाळ्यात सांगतो. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागू नये. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने किंवा दारे लावून पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. 172ची केबिन आपल्या न्हाणीघराएवढीही नसते. या हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाला की बंद पडण्याची सोय असते हे खरे, पण ती सोय ऑक्सिजन मोजते, कार्बन मोनॉक्साइड नव्हे. दुसरी गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. एक किलो प्रोपेन जळले की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. उणे 20च्या हवेत ही वाफ आधी काचेवर जमेल आणि तिथेच गोठेल. थंडी वाजणारे मूल ही अडचण आहे. समोरचे काही न दिसणारा वैमानिक हा अपघात आहे. उघडी ज्योत, लहान मूल, लोकरीचे पांघरूण आणि हवेतला एखादा गचका हे सगळे एकत्र आले तर काय होईल, ते मी लिहीत बसत नाही.

पण प्रोपेन घरी ठेवले म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची चिंता मिटली असे समजू नका, आणि या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. वर सांगितलेल्या रचनेत तुमच्या मुलीच्या श्वासातली हवा आणि इंजिनाचा विषारी धूर यांच्यामध्ये मफलरचा एक पातळ पत्रा असतो. तो पत्रा प्रत्येक उड्डाणात शेकडो अंशांनी तापतो आणि पुन्हा गार होतो, शिवाय सतत थरथरत असतो. कालांतराने त्याला चीर पडते. चीर वेष्टणाच्या आत असल्यामुळे उड्डाणपूर्व पाहणीत दिसत नाही. उन्हाळाभर हीटर बंद असतो, म्हणून ती कळतही नाही. मग नोव्हेंबरात पहिल्यांदा मूठ ओढली जाते.

हा वायू रंगहीन आणि गंधहीन आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेतले अल्प प्रमाणही तासाभरात रक्तात साठत जाते. त्यात तुम्ही 6,000 फुटांवर असाल तर ऑक्सिजन आधीच विरळ असतो. पहिली लक्षणे म्हणजे डोके दुखणे, जांभया, सुस्ती, किंचित मळमळ. थंडीत दीड तास उडणाऱ्या माणसाला यातले काहीही थंडीमुळेच झाले असे वाटते, आणि तो हीटर आणखी ओढतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे निरुपयोगीच नव्हे तर फसवा आहे, कारण साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. माणूस विषबाधेने गुंगलेला असताना तो 97 दाखवू शकतो.

तुम्ही डुलुथलाच निघाला आहात म्हणून तिथलीच घटना सांगतो. फेब्रुवारी 2017 मध्ये डुलुथहून एकटाच निघालेला एक मूनी विमानाचा वैमानिक वाटेत बेशुद्ध झाला. विमान आपोआप सरळ उडत राहिले, इंधन संपले, आणि ते दक्षिण मिनेसोटात एलेनडेलजवळच्या बर्फाने झाकलेल्या शेतात उतरले म्हणा किंवा पडले म्हणा. तो जागा झाला आणि चालत जाऊन त्याने मदत मागितली. नंतर मफलरला चीर सापडली. इतके नशीब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. 21 जानेवारी 2019 रोजी फ्रान्समधल्या नांतहून वेल्समधल्या कार्डिफकडे निघालेले पायपर मालिबू हे छोटे विमान गर्न्सी बेटाजवळ समुद्रात कोसळले. त्यात फुटबॉलपटू एमिलियानो साला होता. ब्रिटिश तपास यंत्रणेला त्याच्या रक्तात 58 टक्के कार्बोक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन, सापडले. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी मंडळाने, 1982 ते 2020 या काळातले कार्बन मोनॉक्साइडमुळे झालेले 31 अपघात शोधून काढले, त्यांतल्या 23 अपघातांत 42 माणसे गेली, आणि त्या 31 विमानांपैकी फक्त एकात या वायूचा शोधक होता, तोही आवाज न करणारा.

त्यामुळे तुमच्या खर्चाच्या यादीत हीटरच्या जागी पहिली वस्तू शोधकाची असावी. घरातला अलार्म का नको, ते आकड्यांवरून लगेच कळते. अमेरिकेत घरगुती अलार्म ज्या मानकाप्रमाणे बनतात, त्यानुसार 70 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग) प्रमाण असेल तर त्याने एक ते चार तासांच्या दरम्यान वाजायचे असते. 150 पीपीएमला 10 ते 50 मिनिटांत. 30 पीपीएमला तर त्याने दीर्घकाळ वाजूच नये अशी अपेक्षा असते, नाहीतर शेजारच्या गॅरेजमधल्या मोटारीनेही घराघरात भोंगे वाजतील. झोपलेल्या कुटुंबाला वेळेत उठवण्यासाठी हे ठीक आहे. डुलुथचा प्रवास सव्वा ते दीड तासाचा आहे. म्हणजे केबिनमध्ये 70 पीपीएम असताना तुम्ही उडाल, उतराल, विमान बांधून गाडीत बसाल, आणि अलार्म कदाचित तोवर गप्पच असेल. विमानांच्या प्रमाणनाच्या नियमांत केबिनमधली मर्यादा 20,000 भागांत 1 भाग, म्हणजे 50 पीपीएम, धरलेली आहे. वैमानिकांसाठी मिळणारे अंकीय शोधक 10 पीपीएमच्या आसपासचा आकडाही दाखवतात आणि घरगुती अलार्मपेक्षा कितीतरी आधी वाजतात. तसाच घ्या. रंग बदलणारी टिकली पॅनेलवर चिकटवलेली असेल तर ती राहू द्या, पण तिच्यावर विसंबू नका. ती काही महिन्यांत निकामी होते आणि तिच्याकडे पाहण्याची आठवण ज्याला करून द्यायची तो वैमानिकच गुंगीत असतो. मोठ्या हेडसेटमधून शोधकाचा आवाज ऐकू येईल की नाही, हे जमिनीवर इंजिन चालू करून एकदा तपासा. मला माझा ऐकू येत नव्हता, म्हणून मी तो नजरेच्या टप्प्यात, लुकलुकणारा दिवा दिसेल असा लावतो.

आकडे कसे वाचायचे, यावर मतभेद आहेत. मी माझी रीत सांगतो. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, मागून वारा असेल तर एक्झॉस्टचाच धूर फटींतून आत येतो आणि क्षणभर 15-20 दिसतात. विमान वळले की ते उतरतात, त्याची चिंता मी करत नाही. हीटर मी नेहमी रन-अपच्या, म्हणजे उड्डाणापूर्वीच्या इंजिन-चाचणीच्या वेळी, जमिनीवर असतानाच ओढतो आणि दोन मिनिटे आकड्याकडे पाहतो. हवेत गेल्यावर हीटर ओढताच आकडा चढू लागला आणि मूठ आत ढकलताच उतरू लागला, तर मफलर किंवा वेष्टण संशयित आहे, आणि तो आकडा 25 असला तरी मी हीटर त्या दिवसापुरता बंद ठेवून परत फिरतो. 50 दिसले तर जवळचा विमानतळ. 100 दिसले तर नियंत्रकाला आणीबाणी कळवायला मी संकोच करणार नाही. यातला एकही आकडा मुलीचे डोके दुखते आहे या वाक्यापेक्षा मोठा नाही. लहान मुले श्वास जलद घेतात आणि मोठ्यांच्या आधी लक्षणे दाखवू शकतात.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या 172वर शिकवत होतो तिच्या हीटरची मूठ ओढली की आकडा 0 वरून 28 वर जायचा. नुकतीच वार्षिक तपासणी झालेली होती आणि कागद स्वच्छ होते. मेकॅनिकने वेष्टणाचे बंद सैल करून ते बाजूला केले, तर मफलरच्या टोकाच्या जोडापाशी नखाएवढी, केसासारखी बारीक चीर होती, आणि तिच्यापासून निघालेला राखाडी-पांढरा ओघळ पत्र्यावर स्पष्ट उमटलेला होता, जसा चुन्याच्या पाण्याचा गळतीचा डाग भिंतीवर उमटतो तसा. वेष्टण न काढता ती चीर कोणालाच दिसली नसती. म्हणून तुमच्या मेकॅनिकला तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगा: वेष्टण पूर्ण काढून मफलर पाहावा, व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा एक्झॉस्टमध्ये सोडून सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी फवारावे आणि बुडबुडे शोधावेत, आणि लॉगबुकातून मफलरचे तास काढावेत. 1,000 तासांहून जास्त चाललेला मफलर बदलून टाकावा, ही शिफारस एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान-नियामक खात्याच्या, सल्लापत्रकांत आहे. चौघांत वाटला तर तो खर्च फारसा जड नाही. तुमची वार्षिक तपासणी मे महिन्यात येत असेल तर तिच्यावर विसंबून हिवाळ्यात शिरू नका. ऑक्टोबरात हे वेगळे करून घ्या.

मफलर निर्धोक ठरला की मग पोहऱ्याची भोके शोधायला लागा. पन्नास वर्षांच्या विमानात ती असतातच. सर्वांत आधी हीटरच्या मुठीची तार. मूठ पूर्ण बाहेर आली म्हणजे झडप पूर्ण उघडली असे नसते. तार सैल झाली असेल तर झडप अर्धीच उघडते आणि निम्मी ऊब बाहेर जाते. मग लवचिक नळी. तिला भोक असेल किंवा ती तोंडापासून निसटली असेल तर गरम हवा इंजिनाच्या खोक्यातच राहते. ही दोन कामे मेकॅनिकची, अर्ध्या तासाची आहेत, आणि माझ्या अनुभवात हीटर चालत नाही या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच संपतात.

त्यानंतर दारे. उडत्या विमानात केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, म्हणून प्रत्येक फट आत हवा ओढते, अगदी शेपटाच्या पोकळीतूनही मागच्या सीटमागून गार झोत येतो. दारात वहीच्या कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर तिथली रबरी पट्टी मेलेली आहे. अशी सगळीकडे फिरत जा, मागच्या सामानाच्या दारालाही विसरू नका. मुलीच्या पाठीवर येणारा गारवा बहुधा तिथला असतो. अंधारात, हँगरचे (विमान ठेवायच्या शेडचे) दिवे घालवून, एकाने आत बसायचे आणि दुसऱ्याने बाहेरून टॉर्च फिरवायचा, हाही चांगला उपाय आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या मुलांना हा खेळ फार आवडतो. काचेच्या वरच्या कोपऱ्यांतली ओढायची झरोक्यांची नळकांडी जुनी झाली की बंद असूनही गळतात. त्यांत बसेल असा स्पंजचा बोळा ठेवता येतो, पण तो एका हिसक्यात काढता आला पाहिजे, कारण विषारी वायू आत आला तर ताज्या हवेचा पहिला मार्ग तोच आहे. टेपने ते कायमचे लिंपू नका. इंजिनाच्या समोरच्या तोंडांवर लावायच्या हिवाळी झाकण्यांचा विषय निघालाच तर, त्या उणे 7च्या खाली तेलाचे तापमान टिकवण्यासाठी असतात, केबिनच्या उबेसाठी नाहीत, आणि घरी पुठ्ठा कापून बनवायची ती वस्तू नव्हे.

मूठ कशी वापरायची यातही थोडे कौशल्य आहे. सेसनाच्या पुस्तिकेप्रमाणे थोड्या उबेसाठी हीटरची मूठ पाव ते अर्धा इंच ओढायची असते, आणि जास्तीत जास्त ऊब हवी असेल तर ती पूर्ण ओढून बाहेरच्या हवेची मूठ पूर्ण आत ढकलायची. तुमच्या विमानात हवेची मूठ अर्धवट बाहेर राहत नाही ना, ते पाहा. उन्हाळ्याची सवय जाता जात नाही. दुसरे, ऊब इंजिनाच्या ताकदीवर अवलंबून असते. उतरताना ताकद कमी केली की दहा मिनिटांत केबिन गार पडते. म्हणून लांबून, थोडी ताकद ठेवून सावकाश उतरा. गार पडलेल्या इंजिनालाही तेच बरे. उंची निवडतानाही विचार करा. नियमाने दर हजार फुटांना साधारण 2 अंश तापमान उतरते, पण मिनेसोटाच्या शांत हिवाळी सकाळी बऱ्याचदा उलटे घडते: जमिनीवर उणे 22 असताना 3,000 फुटांवर उणे 12 असते. वाऱ्यांचा आणि तापमानाचा अंदाज पाहून ती उंची पकडली तर फुकटात 10 अंश मिळतात.

आता कपडे, म्हणजे खरा हीटर. आत पातळ लोकरीचा थर, वर जाड लोकर, आणि वारा अडवणारे जाकीट, हे तुम्ही मिनिआपोलिसला राहून जाणताच. वैमानिकासाठी दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. बर्फातले जाडजूड बूट घालून रडर (शेपटीवरचे सुकाणू, जे पायांनी चालवतात) आणि ब्रेक वेगवेगळे जाणवत नाहीत, म्हणून ते मागे ठेवा आणि पातळ तळव्याचे, थोडे सैल बूट घाला. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गारठतात. आणि अंगालगत नायलॉन-पॉलिएस्टर नको, कारण आगीत ते वितळून कातडीला चिकटते. पायाखाली कॅम्पिंगची फोमची पातळ चटई कापून टाका. अॅल्युमिनियमची जमीन तळव्यातली ऊब शोषून घेते. मात्र चटई रडरच्या पायपट्ट्यांपासून दूर, फक्त मागच्या बाजूला असू द्या.

मुलीबाबत एक चूक जवळपास सगळे पालक करतात. फुगीर जाकीट घालून तिला पट्ट्यात बसवू नका. वरून पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की जाकिटातली हवा दबते आणि पट्टा काही इंच सैल होतो. आधी लोकरीच्या अंगरख्यावर पट्टा घट्ट बांधा, मग जाकीट उलटे करून बाह्यांत हात घालायला लावा आणि पोटावरून पायांपर्यंत पांघरूण खोचा. तिच्या पायाखाली एखादी मऊ पिशवी द्या, म्हणजे ते लोंबणार नाहीत. पण ती पिशवी गरम हवेच्या तोंडापासून दूर ठेवा. वजन आणि समतोल जमत असेल तर आईने मागे तिच्या शेजारी बसावे. पुढची उजवी सीट मोकळी राहिली आणि ती पूर्ण पुढे सरकवली की ऊब मागे मोकळी जाते, आणि मुलीची अवस्था पाहायला एक मोठे माणूस जवळ असते.

विजेच्या उपायांची मर्यादाही पाहू. सिगारेट लायटरच्या खोबणीतून 12 व्होल्टला 10 अँपियर धरले तर 120 वॉट मिळतात. घरातला साधा हीटर 1,500 वॉटचा असतो. म्हणजे त्या खोबणीत लावायचा छोटा पंखा-हीटर केबिन गरम करणार नाही, वायर मात्र गरम करेल. पण तेवढीच वीज माणसाला चिकटवली तर पुरते: बॅटरीवर चालणारे गरम जाकीट 10-20 वॉटमध्ये तुमचे काम करते. त्याची लिथियम बॅटरी हाताशी ठेवा, सामानाखाली दाबू नका, आणि फुगलेली दिसली तर विमानात आणूच नका. लोखंडाच्या भुकटीची एकदाच वापरायची गरम पाकिटे बूट आणि हातमोज्यांसाठी चांगली, पण ती मोज्याच्या बाहेर ठेवा. मुलांच्या कातडीला थेट लावली तर भाजते. कोळशाच्या कांडीची किंवा बेंझिनची हातशेगडी मात्र प्रोपेनच्याच जातीची. ती घरी.

अलार्म वाजलाच तर काय करायचे, ते आत्ताच पाठ करा, कारण तेव्हा मेंदू मंद असेल. हीटरची मूठ आत. हवेची मूठ आणि दोन्ही झरोके बाहेर. खिडकी उघडा; 172ची खिडकी उडताना उघडता येते, वेगमर्यादा पुस्तिकेत पाहून ठेवा. थंडी सहन करा. इंधन-हवेचे मिश्रण फार समृद्ध, म्हणजे इंधन जास्त असलेले, असेल तर पातळ करा, कारण समृद्ध मिश्रणाच्या धुरात हा वायू कितीतरी जास्त असतो. नियंत्रकाला शब्दांत सांगा की केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड आहे, म्हणजे तुमचे बोलणे अडखळले तर त्याला कारण कळेल. उतरल्यावर बरे वाटले तरी तिघांनीही रक्त तपासून घ्या. साध्या हवेत रक्तातले प्रमाण निम्मे व्हायलाच चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. आणि तेच विमान घेऊन परत येऊ नका.

पुढेमागे तुम्ही दोन इंजिनांच्या विमानावर जाल म्हणून एक ओळ: तिथे इंजिने पंखांवर असल्यामुळे बहुधा नाकात इंधन जाळणारा स्वतंत्र हीटर असतो. त्याची तपासणी वेगळी, आणि उतरल्यावर तो बंद करून काही मिनिटे पंखा चालू ठेवावा लागतो. त्याबद्दल पुन्हा कधी.

डुलुथच्या फेरीकडे परत येतो. तुमच्या जागी मी असतो तर आधी एकट्याने, शोधक घेऊन, तासभर विमानतळाच्या आसपास उडून आकडा पाहिला असता. निघायच्या दिवशी इंजिनाबरोबर केबिनही आधी गरम करा. इंजिन बनवणारी लायकमिंग कंपनी साधारण उणे 12च्या खाली इंजिनाला प्रीहीट द्यायला, म्हणजे सुरू करण्याआधी बाहेरून गरम करायला, सांगते, तेव्हा वीज तिथे आलेलीच असते. हँगरमध्ये, तुम्ही समोर उभे असताना, छोटा विजेचा हीटर अर्धा तास केबिनमध्ये चालवला की सीट, पट्टे आणि उपकरणे आतून गरम होतात, आणि सुरुवातीच्या काही मिनिटांना ती साठवलेली ऊब पुरते. मागे प्रत्येकासाठी जाड पांघरूण, टोपी, खरे बर्फातले बूट आणि काडेपेटी ठेवा. अलास्कात तर विमानात आणीबाणीत तग धरण्याचे सामान ठेवण्याचा कायदाच आहे. शेतात उतरावे लागले तर केबिन लवकरच गार होते, आणि मिनिआपोलिस सोडून उत्तरेला गेले की शेते लांबलचक आणि घरे विरळ आहेत.

परतीच्या सकाळी डुलुथला विमान रात्रभर उघड्यावर असेल तर आदल्या दिवशीच फोन करून गरम हँगर किंवा प्लग मिळेल का ते विचारा. आई आणि मुलगी गाडीत किंवा आत थांबू देत. तुम्ही केबिन गरम करा, काचा पुसा, पंखांवरचा दहिवराचा थर काढा, आणि मग त्यांना बोलवा. निघण्यापूर्वी विमानाभोवती एक फेरी जास्तीची मारा आणि हीटरला वीज देणारी नारिंगी वायर काढली आहे ना ते पाहा. माझ्या एका विद्यार्थ्याने तीस फूट वायर शेपटीसारखी ओढत रन-अपपर्यंत नेली होती, आणि विमानतळाच्या नियंत्रण टॉवरने अतिशय सभ्य आवाजात त्याला विचारले होते की हे नेमके कोणते उपकरण आहे.